रायफलीचा चाप: किती हलका करावा आणि कुठे थांबावं

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार म्हणजे पेनसिल्व्हेनियात हरणांच्या रायफल-हंगामाचा पहिला दिवस. २०१८ पर्यंत तो सोमवारी असायचा. त्याआधी दोन-तीन आठवडे आमच्याकडच्या रेंजवर गर्दी उसळते आणि दर चौथ्या माणसाची तक्रार एकच असते: "गोळी जाते कुठे, कळत नाही." मग कुणी दुर्बिणीला दोष देतो, कुणी काडतुसांना. माझा अनुभव असा, की असल्या तक्रारीत निम्म्या वेळा चोर चापातच (ट्रिगरमध्ये) सापडतो.

हिशेब साधा आहे. दुर्बिणीसकट बोल्ट-ॲक्शन रायफलीचं (जिचा बोल्ट, म्हणजे खिट्टी, दर गोळीला हाताने मागेपुढे करायची) वजन साडेतीन किलोच्या आसपास. कारखान्यातून आलेला चाप कधीकधी सहा-सात पौंडांवर सुटतो, म्हणजे जवळजवळ तीन किलो. रायफलीच्या वजनाइतकाच जोर तुम्ही एका बोटाने तिच्यावर लावताय, तोही नेमका नेम स्थिर हवा त्या क्षणी. नळी हलणार नाही तर काय होईल?

तरीही हा लेख चाप हलका कसा करावा यापेक्षा कुठे थांबावं याबद्दल जास्त आहे. कारण हलका चाप करणं अवघड नाही. एका स्क्रूचे चार आटे फिरवले की झालं. अवघड आहे ते त्यानंतरही रायफल भरवशाची राहणं.

हे सगळं अमेरिकेतल्या बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलींबद्दल आहे, कारण माझा हात त्यांच्यावरच बसला आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. गावाकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असेल तर ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यायची, घरी उघडायची नाही. आणि इथे नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक जवळ बाळगता येत नाही. त्याला एक मोठा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार-परवाना. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. रायफल विकत घ्यायच्या आधी हे कागद हातात असू द्या.

आत काय चालतं

आजोळी कोकणात राखणीची ठासणीची बंदूक होती. तिथे सगळे "घोडा ओढला" म्हणत. खरं तर घोडा मागे ताणायचा असतो आणि ओढायचा असतो तो चाप. आजच्या बोल्ट-ॲक्शनमध्ये बाहेर दिसणारा घोडा नाहीच. बोल्टच्या पोटात जोरकस स्प्रिंगवर ताणलेली फायरिंग पिन असते. तिला अडवून धरतो तो सिअर नावाचा पोलादी तुकडा, आणि सिअरला खालून टेकू असतो चापाचा. या टेकूची धार किती? साधारण अर्धा मिलिमीटर. भरलेल्या रायफलीत अपघात आणि तुमच्यामध्ये, सेफ्टी (रायफल उडू न देणारी कळ) सोडली तर, तेवढंच अंतर असतं.

चापाबद्दल तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. पहिली, वजन: चाप सुटायला किती जोर लागतो. दुसरी, क्रीप: सुटण्याआधी बोटाला जाणवणारी खरखरीत सरक. तिसरी, ओव्हरट्रॅव्हल: सुटल्यावर चाप आणखी किती मागे जातो. लोक वजनाच्या मागे लागतात, पण नेम बिघडवतो तो बहुतेकदा क्रीप. साडेतीन पौंडांचा चाप काचेची काडी मोडल्यासारखा सुटत असेल, तर दोन पौंडांच्या खरखरत्या चापापेक्षा तो केव्हाही बरा. (काही युरोपियन रायफलींत दोन टप्प्यांचा चाप असतो. त्यात पहिली मोकळी चाल मुद्दाम ठेवलेली असते. तिला क्रीप समजून 'दुरुस्त' करायला जाऊ नका.)

किती वजन ठेवावं? शिकारीसाठी माझं उत्तर तीन पौंड, म्हणजे साधारण १३६० ग्रॅम. अडीचच्या खाली नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून माझे दोन-तीन मित्र विचारतात, की स्पर्धेच्या रायफलींचे चाप इतके हलके, मग आपले का नाहीत? कारण स्पर्धेचा नेमबाज आखलेल्या जागेवर उभा असतो आणि गोळी भरतो ती निशाण्याकडे तोंड करून. तुम्ही पहाटे शून्याखालच्या थंडीत, जाड हातमोजे घालून, झाडावरच्या मचाणावर बसलेले असता. बधिर बोटाला एक पौंडाचा चाप लागलेला कळतसुद्धा नाही.

आधी मोजा

मॅगझिन काढा. बोल्ट उघडा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, डोळ्याने पाहा आणि मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर एकही नको. काम करताना मध्ये उठून चहा प्यायला गेलात तर परत आल्यावर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझी बायको याला सोवळं म्हणते. म्हणू दे.

चाप मोजायला डिजिटल गेज मिळतो आणि तो घ्यावाच. नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटाही अंदाजाला चालतो. हुक चापाच्या वळणाच्या मध्यावर लावा, जिथे बोट बसतं तिथेच. टोकाकडे लावला तर तरफेमुळे आकडा कमी येतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. नळीला समांतर, सरळ मागे, सावकाश ओढा. दहा वेळा मोजा आणि दहाही आकडे लिहून ठेवा. सरासरीइतकाच त्यांच्यातला फरकही बोलका असतो. दहापैकी नऊ आकडे चार पौंडांजवळ आणि एकच पावणेतीनवर आला, तर वजन कमी करायचा विचार आत्ता सोडून द्या. आत काहीतरी अडकतंय किंवा झिजलंय.

यासाठी रिकाम्या रायफलीचा चाप बराच वेळा ओढावा लागतो. आधुनिक सेंटरफायर रायफलीला (जिची पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आपटते) त्याने सहसा इजा होत नाही. पॉइंट टू-टू रिमफायरची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, ते नसेल तर चेंबरच्या कडेवर, म्हणून नकली काडतूस वापरा.

मग साफ करा

ही पायरी लोक गाळतात आणि निम्मं काम इथेच होतं. वर्षानुवर्षं बोल्टवर ओतलेलं तेल खाली झिरपून चापाच्या घरात साठतं, त्यात धूळ आणि लाकडाचा भुसा मिसळतो आणि त्याचा चिक्की-पाकासारखा लपका होतो. थंडीत तो आणखी घट्ट होतो. उन्हाळ्यात रेंजवर झकास चालणारी रायफल डिसेंबरात दगा देते, ती यामुळेच.

दस्ता (रायफलीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग) काढायला खालचे दोन स्क्रू सोडा. पुढचा आणि मागचा बहुधा वेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर 'पुढचा', 'मागचा' लिहून त्यातच खोचून ठेवा. उलटे बसवले तर लांब स्क्रू वर घुसून बोल्टलाच अडवू शकतो. नळीसकट ॲक्शन (ज्यात बोल्ट चालतो तो धातूचा भाग) सरळ वर उचला आणि चापाचं घर मोकळं दिसलं की त्यात लायटरचं द्रव सोडा. काळं पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत सोडत राहा, बोल्ट दोन-चारदा चालवा, हवेने फुंका आणि पूर्ण सुकू द्या. हे करताना खिडकी उघडी हवी आणि देवघरातली समई विझलेली. नंतर तेल? माझ्या मते नको. घातलंच तर सुईच्या टोकाएवढं सुकं वंगण. गंज सोडवायचे फवारे चापात कधीच मारू नका. ते वाळले की तोच चिकटा परत तयार होतो.

दस्ता हातात आहे तोवर आतली खाच बघा. चाप किंवा सेफ्टीची कळ लाकडाला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात का? लाकूड दमट हवेत फुगतं आणि चापाला बाजूने दाबतं. एकाने 'चाप खराब' म्हणून दाखवलेल्या रायफलीला मी फक्त खाचेत सँडपेपर फिरवला होता.

साफ करून पुन्हा दहा वेळा मोजा. तुमची तक्रार इथे मिटली असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

कुठला स्क्रू, कुठला नाही

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कंपन्यांनीच ग्राहकाला फिरवता येईल असे चाप द्यायला सुरुवात केली. सॅव्हेजने २००३च्या सुमारास ॲक्यूट्रिगर आणला. चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं आणि ते दाबल्याशिवाय सिअर सुटत नाही. त्याची स्प्रिंग फिरवायला हत्यार सोबत मिळतं. रुगर अमेरिकनचा चाप तीन ते पाच पौंडांत फिरतो, एका बारीक स्क्रूवर. दोन्हीसाठी दस्ता काढावा लागतो. कुठल्या दिशेला किती फिरवायचं, हे ज्या-त्या रायफलीच्या पुस्तिकेतच पाहा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

पद्धत सगळीकडे सारखीच. स्क्रूवर आणि शेजारच्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. पाव फेरी फिरवा. मोजा. पुन्हा पाव फेरी. पुस्तिकेत दिलेल्या खालच्या मर्यादेच्या थोडं वरच थांबा. स्प्रिंग पूर्ण सैल सोडली तर चाप ओढून सोडल्यावर तो मूळ जागी परत येईलच, याची हमी राहत नाही.

जुन्या रेमिंग्टन ७००ची गोष्ट निराळी. १९६२पासूनच्या या रायफलीत जो वॉकर चाप होता त्याला तीन स्क्रू आहेत. पुढचा खालचा वजनाचा, पुढचा वरचा ओव्हरट्रॅव्हलचा आणि मागचा सिअरच्या टेकूचा. तिन्ही कारखान्यात लाखेसारख्या लेपाने बंद केलेले असतात. तो लेप म्हणजे 'हात लावू नका' ही पाटीच. मागच्या स्क्रूने तो अर्धा मिलिमीटरचा टेकू कमी करता येतो. क्रीप नाहीसा होतो, चाप लोण्यासारखा सुटतो, आणि एखाद्या दिवशी बोल्ट जरा जोरात बंद केला की बार होतो. सिअर घासून गुळगुळीत करण्याचे सल्लेही मिळतील. पाणी दिलेल्या पोलादाचा कडक थर अनेकदा वरवरचाच असतो. तो घासला गेला की खाली मऊ धातू, आणि त्याची धार किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

मी एकदा वापरलेली रायफल घेतली होती. चाप इतका गोड, की मी मनातल्या मनात जुन्या मालकाचे आभार मानले. घरी आणून चाचण्या घेतल्या, तेव्हा सेफ्टी पुढे ढकलताच पिन पडली. त्या क्षणी चापावर बोटही नव्हतं. रायफल रिकामी होती म्हणून फक्त 'टक' झालं. दस्ता काढला तर लेप खरवडलेला आणि मागचा स्क्रू आत पिळलेला.

आणखी दोन गोष्टी ७०० वापरणाऱ्याला ठाऊक हव्यात. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले एक्स-मार्क प्रो चाप कंपनीने २०१४मध्ये परत मागवले होते, कारण जोडणीतला चिकट द्रव जास्त झाल्याने रायफल आपोआप उडण्याचा धोका होता. तुमची रायफल त्या काळातली असेल आणि चाप बदलल्याची नोंद नसेल, तर ती वापरू नका. दुसरं, १९८२पूर्वीच्या ७००मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे रायफल रिकामी करायलासुद्धा सेफ्टी काढावी लागते. अशी रायफल रिकामी करताना नळी जमिनीकडे किंवा मातीच्या बांधाकडेच हवी.

अख्खा चापच बदलायचा असेल तर

जुन्या ७००साठी मी हाच रस्ता सांगेन. फिनिक्सची टिम्नी १९४६पासून चाप बनवते आहे, कॅनडाची ट्रिगरटेक त्यामानाने नवी. शिकारीसाठी बनवलेल्या चापांना साधारण दीडशे-दोनशे डॉलर पडतात. ७००चे बरेच नवे चाप सेफ्टीसकट येतात, आणि ते तसेच घ्या. जुनी सेफ्टी नव्या चापाला जुळवत बसणं हे शिकाऊ हाताचं काम नव्हे.

दस्ता काढल्यावर पहिल्यांदा फोनवर चारी बाजूंनी फोटो काढा. चापाचं घर ॲक्शनला दोन आडव्या पिनांनी अडकवलेलं असतं. योग्य जाडीचा पंच आणि हलकी हातोडी घ्या. खिळ्याने ठोकलंत तर पिनेचं तोंड पसरतं. खाली जाड टॉवेल अंथरा, कारण पिना निघताना बोल्ट अडवणारी पट्टी आणि तिची बारीक स्प्रिंग सुटू शकते. ती स्प्रिंग गालिच्यात गेली की रविवार गेला. दुसऱ्या पिनेच्या वेळी मी घरावर आणि त्या पट्टीवर अंगठा दाबून ठेवतो.

नवा चाप बसवताना पिना आधी हाताने सुरू करा आणि मग हलके ठोका. जोर लावावा लागत असेल तर भोकं जुळलेली नाहीत. बोल्ट घालून चालवा, बोल्ट सोडायची कळ चालते का ते बघा. मग दस्त्यात ठेवून पाहा. नवं घर थोडं रुंद असू शकतं, सेफ्टीची कळही जाड असू शकते. जिथे घासेल तिथलं लाकूड किंवा प्लास्टिक थोडं-थोडं खरवडा. घर दस्त्याला कुठेही टेकलेलं चालणार नाही. दस्त्याचे स्क्रू शक्यतो टॉर्क पान्याने आवळा: ॲल्युमिनियमचे खांब बसवलेल्या दस्त्याला ६५ इंच-पौंडांपर्यंत चालतं, नुसत्या लाकडाला ४०-४५च्या वर नको. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

नव्या चापावरही स्क्रू असतात. वजनाचा फिरवा, सिअरचा नको. माझा टिम्नीचा चाप तीन पौंडांवरच लावून आला होता आणि मी त्याला हातही लावला नाही.

चाचण्या

या करायच्या नसतील तर आधीचं काहीच करू नका. प्रत्येक बदलानंतर, दस्ता पूर्ण बसवून, रिकाम्या रायफलीवर:

१. बोल्ट मुद्दाम जोरात, धाडकन बंद करा. वीस-पंचवीस वेळा. दर वेळी नंतर चाप ओढा आणि 'टक' ऐका. आवाज आला नाही याचा अर्थ पिन आधीच पडली होती.

२. बोल्ट बंद करून सेफ्टी लावा. चाप चांगला जोराने दाबा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडता कामा नये. त्यानंतर चाप ओढल्यावर मात्र पडलीच पाहिजे. दहा वेळा करा. माझी ती जुनी रायफल याच चाचणीत पकडली गेली.

३. सेफ्टी काढलेली, पिन ताणलेली. रबरी हातोडीने दस्त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, ॲक्शनच्या वर ठोका. दुर्बीण वाचवा. नंतर हेच सेफ्टी लावून.

४. नळी वर धरून फूटभर उंचीवरून दस्त्याची टाच जाड रबरी चटईवर आपटा. पाच-सहा वेळा.

५. चाप अर्धवट दाबून सोडून द्या आणि लगेच हातोडीने ठोका. अर्धवट दबलेला चाप पूर्ण परत येतो की नाही, ते इथे कळतं. हरीण दिसलं, बोट गेलं, मग ते झाडाआड गेलं आणि तुम्ही बोट काढलंत, असं जंगलात नेहमीच होतं.

एकदा जरी पिन आपोआप पडली, तरी 'पंचवीसात एकदाच' म्हणायचं नाही. स्क्रू मूळ रेघेवर आणा आणि सगळ्या चाचण्या पुन्हा घ्या. तरीही पडली तर रायफलीला कागद बांधून त्यावर मोठ्या अक्षरात दोष लिहा आणि बंदुकांच्या कारागिराकडे द्या. कागद यासाठी, की तुमच्या पश्चात घरातल्या कुणी ती उचलली तर त्याला कळावं.

सगळं पास झालं की स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. गोळीच्या धक्क्याने तो सैल होत नाही, आणि पुढे कुणी फिरवला तर फुटलेलं पॉलिश लगेच दिसतं. आमच्याकडे लाल आहे, विचारून घेतलेलं.

रेंजवर

पहिल्या दोन-चार वेळा मॅगझिन भरू नका. एकेकच काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवा आणि बोल्ट बंद करताना नळी निशाण्याकडेच असू द्या. दस्ता काढून बसवला आहे, म्हणजे नेम सरकला असणार असंच समजा. शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट मारून दुर्बीण पुन्हा लावा. शेवटचा गट हंगामात घालणार तेच हातमोजे घालून मारा. जाड मोज्याचं बोट चापाच्या कड्यात नीट मावतं का, हे घरच्या टेबलावर कधीच लक्षात येत नाही.

थंडीची परीक्षा उरते. हंगामाच्या आठवडाभर आधी, पारा उतरलेल्या एखाद्या रात्री रायफल कुलूपबंद पेटीत गॅरेजमध्ये ठेवा आणि पहाटे तिथेच पहिली, दुसरी आणि पाचवी चाचणी घ्या. गेजने दहा वेळा मोजा. आकडे घरातल्या आकड्यांपेक्षा बरेच पसरलेले दिसले, तर आत अजून तेल आहे. लायटरचं द्रव पुन्हा काढा. मी हे सगळे आकडे, तारीख आणि स्क्रूच्या फेऱ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहितो. ती रायफल उद्या दुसऱ्या कुणाकडे गेली, तर कागदही तिच्याबरोबर जाईल.